पलंग गेला जुन्या घरी

प्रिय लंबू,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू घाबरला असशील, म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: तुझ्या आई ठणठणीत आहेत. तीन जिने चढतात, भाजीवाल्याशी घासाघीस करतात, आणि परवाच मला म्हणाल्या की माझे केस कापायला झालेत. तेव्हा खुर्चीत नीट टेकून बस आणि मग पुढे वाच. गेल्या सहा वर्षांत आपण एकमेकांना जे काही लिहिलं ते वकिलांच्या मार्फत, आणि त्यात ‘प्रिय’ कुठेच नव्हतं. आज लिहिलाय, दुसरा सुचेना. राहू दे तोच. तुझा तिकडचा पत्ता आईंच्या वहीतून उतरवून घेतला आणि तीनदा पडताळून पाहिला. पत्त्यांच्या बाबतीत मी हल्ली ताकही फुंकून पिते.

झालं असं, की चार महिन्यांपूर्वी मी फोनवरून एक पलंग मागवला. मी अजून त्याच दातांच्या लॅबमध्ये आहे, त्याच खिडकीजवळच्या टेबलाशी. एका आजोबांच्या कवळीचा साचा मेण वितळायला उकळत्या पाण्यात ठेवला होता, आणि त्या दहा मिनिटांत मी पलंग निवडला, रंग निवडला, आणि बोटांना लागलेलं प्लास्टर स्क्रीनवर सांडत शेवटचं बटण दाबलं. पत्त्यांच्या यादीत सगळ्यात वर कोणता पत्ता आहे हे पाहायचं राहूनच गेलं. सहा वर्षांत मी त्या ॲपवरून दुसरं काही मागवलंच नव्हतं. त्याच्या लेखी मी अजून तुझ्याच घरात नांदत होते.

सोमवारी दुपारी निरोप आला, ‘तुमची वस्तू पोचली आहे.’ मी त्या दिवशी मुद्दाम रजा घेऊन घरीच बसले होते. दार उघडलं, बाहेर काही नाही. जिन्यात पाहिलं, शेजारी विचारलं, खाली रखवालदाराला विचारलं. मग निरोपाखाली एक फोटो दिसला, वस्तू पोचवल्याचा पुरावा म्हणून काढलेला. एक तपकिरी दार, कुलपाशेजारी लांब ओरखडा, जो तू एकदा घाईत किल्लीने काढला होतास. दाराला टेकून भलं मोठं खोकं. आणि शेजारी आईंच्या चपला, एकीला एक चिकटून, शाळेच्या रांगेत उभ्या केल्यासारख्या. मी तो फोटो किती वेळ पाहत बसले होते कोण जाणे.

मग कंपनीला फोन. आधी यंत्र बोललं, मग बाजा वाजला, मग पुन्हा यंत्र, आणि शेवटी एक मुलगी. अगदी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, पत्ता तुम्हीच दिलेला आहे.” खरंच होतं, भांडायला जागाच नव्हती. तिने सांगितलं की आमचा माणूस तिथून पलंग परत नेईल, मग तुम्ही नवा मागवा, बारा दिवस धरून चाला. मी म्हटलं, मला शुक्रवारच्या आत हवा आहे. “पाहुणे येणार आहेत का, मॅडम?” मी म्हटलं, नाही, तपासणी आहे. पलंगाची कसली तपासणी, असं तिला वाटलं असणार. मग आवाज खाली आणून म्हणाली, “मॅडम, ते घर ओळखीचं असेल तर सरळ जाऊन घेऊन या. आमच्या भरवशावर राहू नका.” तिला असं सांगायची परवानगी नसणार. तिचं नावही विचारायचं राहिलं, पण या सगळ्यात जिचे आभार मानायचे राहिले अशी ती पहिली.

सल्ला सोपा होता, अंमलबजावणी जड. सोमवारची संध्याकाळ मी आईंचा नंबर काढून नुसती बघत काढली. मंगळवारी दुपारी, हातात मेणाचा गोळा असताना, त्यांचाच फोन आला. माझा नंबर खोक्यावरच्या चिठ्ठीवर होता. हॅलो नाही, कशी आहेस नाही. म्हणाल्या, “तुझा पलंग माझ्याकडे आलाय. खोक्यावर माप छापलंय. तू त्यात मावणार नाहीस.”

मी म्हटलं, हो.

“मग?”

मी म्हटलं, संध्याकाळी येते. “ये. पण एकटीने उचलायला जाऊ नकोस. आणणारा माणूस वर येईपर्यंत धापा टाकत होता, मी त्याला बसवून पाणी दिलं.” आणि फोन ठेवला.

आता तुला सांगायलाच हवं. मी एक मुलगी दत्तक घेते आहे. साडेचार वर्षांची. सतत काहीतरी गुणगुणत असते म्हणून संस्थेत सगळे तिला भुंगा म्हणतात. दीड वर्ष मी अर्ज, दाखले, मुलाखती यांत होते आणि लॅबच्या मालकांखेरीज कुणालाही बोलले नव्हते. तुला कारण वेगळं सांगायला नको. आपल्या उपचारांच्या त्या चार वर्षांत दर महिन्याला कुणी ना कुणी डोळ्यांनी विचारायचं आणि आपण मान हलवायचो. डॉक्टर म्हणाले होते, दोघांतही दोष नाही, आणि तेच पचवायला सगळ्यात अवघड गेलं, कारण मग रागवायचं कुणावर? आपण एकमेकांवर रागावलो. या वेळी ‘नाही झालं’ असं कुणालाही सांगायची पाळी मला यायला नको होती. म्हणून तोंडाला कुलूप. शुक्रवारी संस्थेच्या बाई घर पाहायला येणार होत्या, आणि मुलीला झोपायला स्वतःची जागा आहे का, ही त्यांच्या यादीतली ठळक गोष्ट होती.

मंगळवारी संध्याकाळी मी ते तीन जिने चढले. दार उघडून आई म्हणाल्या, “बोला.” टेलिफोन ऑफिसमधली तीस वर्षं त्यांच्या जिभेवरून जायची नाहीत. मग स्वतःच ओशाळल्या आणि म्हणाल्या, “ये, ये.” आत पाहते तर खोकं उघडलेलं. तुझ्या खोलीत पलंगाच्या फळ्या उंचीप्रमाणे भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आणि टेबलावर वाट्यांच्या रांगेत स्क्रू, एकेका जातीचे वेगळे. “एक कमी आहे,” त्यांनी मला जाहीर केलं. “मी कंपनीला कळवलंय. तासभर मला गाणं ऐकवलं त्यांनी, पण मी काही फोन ठेवला नाही. तीस वर्षं मी लोकांना ताटकळत ठेवलं, मला कोण ताटकळवणार?” मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि हसताना त्यांची वरची कवळी वाजली. मीच बसवून दिलेली, आता सैल झालेली. सहा वर्षांत हिरड्या झिजतात. एवढंच माझ्या मनात आलं, की सहा वर्षांत यांच्या तोंडाकडे कुणी नीट पाहिलेलं नाही.

चहा टाकताना माझ्याकडे पाठ करून त्यांनी विचारलं, कुणासाठी? मी सांगितलं, शुक्रवारच्या तपासणीसकट. त्या बराच वेळ ढवळत राहिल्या, चहाला ढवळायची काही गरज नसताना. मग वळून सगळे व्यवहारातले प्रश्न विचारले. किती वर्षांची, काय खाते, अंधाराला घाबरते का. शेवटच्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. “विचारून घे,” म्हणाल्या, “पलंग भिंतीशी लावायचा की तुझ्याशी, ते त्यावर ठरेल.” मग, कागद सगळे झाले का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं की एक राहिलाय. दोन माणसांची शिफारस लागते. एक लॅबच्या मालकांनी दिली. दुसरी अशा माणसाची हवी ज्याने मला दहा वर्षं तरी ओळखलंय आणि घरात वावरताना पाहिलंय. माझ्या बाजूचं कुणी उरलं नाही, हे तुला ठाऊकच आहे. आईंनी कप माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, “मी देऊ?”

मी म्हटलं, नको.

हे ‘नको’ कुठून आलं ते तुला कधीच सांगितलं नाही, आज सांगते. उपचारांच्या चौथ्या वर्षी मी एकदा दवाखान्यातून लवकर परतले होते. दाराशी चपला काढल्या आणि आतून आईंचा आवाज ऐकू आला, तुझ्या मावशीशी फोनवर बोलत होत्या. “सून चांगली आहे गं, पण घर रिकामंच ठेवलं तिने.” एवढंच. दुष्टपणाने नाही, भाजी महाग झाल्याचं सांगावं तसं. मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. नंतर तू विचारलंस तेव्हा डोळ्यांत प्लास्टरची पूड गेली म्हणाले. पुढे आपलं मोडलं ते त्या वाक्यामुळे नाही, इतकं खोटं मी बोलणार नाही. पण घर सोडताना बॅगेत जे काही भरलं, त्यात ते वाक्यही होतं.

माझ्या ‘नको’वर आई नुसत्या “बरं” म्हणाल्या. पुन्हा विषय काढला नाही. फळ्या परत खोक्यात भरायला मदत केली, खालच्या रखवालदाराला हाक मारून ते उतरवून घेतलं, आणि भाड्याच्या गाडीवाल्याला दम भरला की वळणावर हळू.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी पलंग जोडत होते. सगळा उभा राहिला, पण तो एक स्क्रू नसल्याने कठड्याची बाजू दात हलावा तशी हलत होती. मी तिथे चिकटपट्टी लावायच्या विचारात होते, एवढी माझी अक्कल गहाण पडली होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात आई. गाडीवाल्याला मी सांगितलेला पत्ता लक्षात ठेवून, दोन बस बदलून, दुखऱ्या गुडघ्याने. मंगळवारीच त्यांनी वाटीतला एक स्क्रू काढून ठेवून घेतला होता, म्हणजे एक नव्हे, दोन कमी होते आणि मला पत्ताच नव्हता. तो हातात घेऊन त्या हार्डवेअरची दुकानं फिरल्या, आणि तिसऱ्या दुकानात त्याचा जुळा मिळाला. “कंपनी आठवड्याने पाठवणार म्हणे. तपासणी उद्या आहे ना?” त्या खाली बसल्या, दोन्ही स्क्रू स्वतः पिळले, कठडा धरून गदागदा हलवला, आणि मग त्या इवल्याशा पलंगाच्या कडेवर हळूच टेकून पाहिलं. “आता हत्ती झोपला तरी हरकत नाही.”

मी कपाटातून शिफारशीचा कोरा कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घडी करून पिशवीत ठेवला. तो बंद पाकिटात परस्पर संस्थेकडे पाठवायचा असतो, त्यामुळे त्यांनी काय लिहिलं हे मला कळायचं कारण नव्हतं.

शुक्रवारी संस्थेच्या बाई आल्या. स्वयंपाकघर, खिडक्यांचे गज, औषधांचं कपाट, सगळं पाहिलं. पलंगाचा कठडा त्यांनीही हलवला. तो जागचा हलला नाही. “छान घट्ट आहे. कुणी जोडला?” मी म्हटलं, माझ्या… पूर्वीच्या सासूबाईंनी. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि वहीत बरंच काही लिहिलं. मला वाटलं, संपलं.

महिन्याभराने त्यांनी मला बोलावलं. अर्ज मंजूर झाला होता. मी खुर्चीत बसून रडत असताना त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, शिफारशी आम्ही अर्जदाराला दाखवत नाही. पण ही दाखवावीशी वाटली, म्हणून लिहिणाऱ्या बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, दाखवा, मला तोंडाने जमणार नाही. मी ते पत्र तिथेच दोनदा वाचलं आणि बाहेर येऊन बाकावर बसून आठवेल तसं उतरवून काढलं. तुझ्या आईचं आहे, तुझाही त्यावर हक्क आहे.

“अर्जदार माझी सून होती. आता कायद्याने नाही. तिला मूल होत नव्हतं तेव्हा मी माझ्या बहिणीला फोनवर म्हणाले की हिने घर रिकामं ठेवलं. ते तिने ऐकलं. तिच्या चपला दारात होत्या आणि नळ बराच वेळ चालू होता, त्यावरून मला कळलं. त्याच संध्याकाळी तिने माझ्या गुडघ्याला रोजच्यासारखं औषध चोळलं. त्यानंतर दोन वर्षं ती आमच्यात होती, एकदाही वाकडं बोलली नाही. मी माझी चूक कधी कबूल केली नाही. इथे करते, कारण या कागदावर खरं लिहावं असं वर छापलं आहे. लहान मूल दिवसभरात मनाला लागेल असं बरंच बोलतं. ही ते ऐकून घेईल आणि संध्याकाळी त्याचे पाय धुऊन देईल, अशी माझी खात्री आहे. घर तिने रिकामं ठेवलं नव्हतं. ती गेल्यावर ते रिकामं झालं.”

मी तिथून थेट आईंकडे गेले. काय बोलायचं ते बसमध्ये शंभर वेळा जुळवलं होतं, आणि दार उघडल्यावर एवढंच म्हणाले, “कवळी काढून द्या, सैल झालीय.” त्यांनी निमूट काढून दिली. दोन दिवस मी ती लॅबमध्ये आतून नवीन भरून, घासून, पुन्हा बेताची केली, आणि ते दोन दिवस त्यांनी बोळकं तोंड कुणाला दाखवायला नको म्हणून ना दार उघडलं ना फोन घेतला. (तू रविवारी फोन केलास आणि त्यांनी उचलला नाही, तो हाच रविवार. तुला सांगितलं, बॅटरी गेली होती.) त्यांना माफी मागायची आणि मला माफ करायची एवढीच रीत जमली.

लंबू, आपलं जे संपलं त्याबद्दल माझ्या मनात आता अढी नाही. तू तिकडे सुखात आहेस, तुझी बायको, तुझी लेक, सगळं आई कौतुकाने सांगतात, आणि मला ऐकायला जड जात नाही. मी त्या चुकलेल्या पत्त्याची ऋणी आहे, खोकं तीन जिने चढवणाऱ्या माणसाची आहे, आणि तुझीही आहे. तुझ्याशी लग्न केलं म्हणून मला ही बाई मिळाली. इतकी वर्षं मी घरातून काय काय नेलं आणि काय काय मागे राहिलं याची मनात उजळणी करायचे, पण मागे राहिलेल्यांत यांना कधी धरलंच नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. गेल्या महिन्यात भुंगाला भेटायला मी आईंना संस्थेत घेऊन गेले. भुंगा गुणगुणत आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, “तू कोण?” आयुष्यभर फोनवर हजारो अनोळखी माणसांना क्षणात उत्तर देणाऱ्या तुझ्या आईंनी माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “मी पलंगवाली.” परतताना बसमध्ये म्हणाल्या, “तिने मला आजी म्हटलं तर चालेल का गं?” मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? तर म्हणाल्या, “त्याला कसं सांगू? त्याला वाटेल, माझी लेक लांब राहिली म्हणून आईने इथे दुसरी नात करून घेतली.” गेले तीन रविवार त्या तुला हेच सांगायला फोनवर येतात आणि तिकडच्या हवेची चौकशी करून ठेवून देतात. मी हे लिहितेय हे त्यांना माहीत नाही. तुझ्या लेकीच्या वाट्याचं यात काही कमी होत नाही. तिचा फोटो त्यांच्या उशाशी आहे, तिथेच राहील. भुंगा पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कायमची घरी येते आहे. त्याआधी एखाद्या रविवारी तूच विषय काढ. मला उत्तर लिहू नकोस, त्यांना फोन कर, आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचार, ‘आई, तिथली नात काय म्हणते?’ एवढंच विचार. पुढचं त्या बोलतील.

तुझी पूर्वीची,
आईंची अजूनही